शिडाची मोठी बोट: घ्यायची कशी, आपल्याजोगी करायची कशी

तुळजापूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी लांब पल्ल्याच्या शिडाच्या बोटीचा विचार इथे बसून करायला काही हरकत नाही, कारण अशा बोटीची निम्मी कामं कागदावर आणि जमिनीवरच होतात. भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी घेतला, तेव्हा ते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत शेतावर राहत होते. त्यातूनच गोव्यात ‘म्हादेई’ ही बोट बांधली गेली. तिचंच उदाहरण धरून आपण टप्प्याटप्प्याने पुढे जाऊ.

आधी ठरवायचं, जायचं कुठे. मुंबई ते गोवा किनाऱ्याने फिरायचं असेल तर तीस-पस्तीस फुटांची बोट पुरते. महिनोन्‌महिने बोटीवरच राहून महासागर ओलांडायचे असतील तरच पन्नास फुटांच्या पुढे जावं. म्हादेई ५६ फुटांची, डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच, वजन २३ टनांच्या आसपास. एवढ्या बोटीच्या दोरांवर येणारा ताण नुसत्या हाताने पेलत नाही, त्यासाठी विंच म्हणजे दोर ओढायचं चक्र लागतं. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. मोठी बोट बघताना आतल्या खोल्या मोजण्याआधी आपण दोघंच असताना हे शीड उतरवू शकू का, हे पाहावं.

मग आराखडा. म्हादेईसाठी नेदरलँड्सच्या ‘व्हॅन डी स्टॅट’ या संस्थेचा ‘टोंगा ५६’ हा तयार आराखडा घेतला होता. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ती बांधली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. पुढे ‘तारिणी’ ही दुसरी बोट बांधायची वेळ आली, तेव्हाही हाच आराखडा कायम राहिला. आपणही बोटीचं अंग, तळाचा जड कणा म्हणजे कील, आणि डोलकाठी या तीन गोष्टींत स्वतःच्या डोक्याने बदल करू नयेत. ढकललेली बाहुली तळातल्या वजनामुळे पुन्हा उभी राहते, तशी वाऱ्याने कललेली बोट कीलमुळे सरळ होते. वर वजन वाढलं की हा गुण कमी होत जातो. मागच्या बाजूला उंच कमान, तिच्यावर सौरपट्ट्या, तिलाच छोटी होडी टांगलेली, हे चित्र बंदरात पुष्कळ दिसतं. यातलं प्रत्येक वजन आधी मांडून आराखडाकाराला दाखवावं.

जुनी बोट घेणार असाल तर सर्वेक्षकाकडून तपासणी होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. बोट पाण्याबाहेर काढूनच तपासायची. डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, आत सडलं असेल तिथे बद्द. नोंदणी आणि विम्याची कागदपत्रंही याच वेळी पाहून घ्यावीत.

बोट हातात आली की लगेच बदल सुरू करायची घाई होते. एक मोसम ती आहे तशी चालवावी आणि जे टोचतं ते वहीत लिहीत जावं. पहिल्या महिन्यात अत्यावश्यक वाटलेल्या निम्म्या गोष्टींची गरज मोसम संपेपर्यंत उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारं काम: डेकला भोक पाडणं. बऱ्याच बोटींचा डेक तीन थरांचा असतो. वर-खाली फायबरग्लास, मध्ये बाल्सा हे अतिशय हलकं लाकूड. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की ते मधल्या लाकडात पसरतं आणि वरून काहीच न दिसता डेक आतून कुजतो. म्हणून ८ मिमीचा बोल्ट बसवायचा असेल तर वरचा थर आणि मधलं लाकूड १४-१५ मिमी रुंद कोरायचं, खालचा थर तसाच ठेवायचा. त्या खळग्यात घट्ट केलेलं इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून दगडासारखं होणारं राळेचं मिश्रण, काठोकाठ भरायचं. ते पूर्ण वाळलं की मधोमध ८ मिमीचं भोक आरपार पाडायचं. आता बोल्टभोवती लाकूड नाही, त्यामुळे पाणी शिरलं तरी कुजायला काही नाही. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड आधी कोरडं झालंय ना, याची खात्री करावी. ओल्यावर इपॉक्सी नीट धरत नाही.

दुसरी नेहमीची चूक पितळेची. तळाला पाणी आत-बाहेर नेणाऱ्या तोट्या असतात. हार्डवेअरच्या दुकानातली पितळी तोटी तशीच दिसते, पण खारं पाणी पितळातलं जस्त खाऊन टाकतं, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो आणि एक दिवस तोटी हातात येते. तिथे कांस्य किंवा बोटींसाठीच बनवलेलं संयुक्त प्लॅस्टिकच हवं. तोटी निखळली तर भोकात ठोकायला प्रत्येक तोटीजवळ तिच्या मापाची लाकडी खुंटी बांधून ठेवावी.

विजेचा हिशेब कागदावर करावा. १२ व्होल्टवर स्वयंचलित सुकाणू सरासरी ५ ॲम्पिअर घेत असेल तर २४ तासांत १२० ॲम्पिअर-तास गेले. फ्रिजचे ५०-६०, दिवे आणि यंत्रांचे आणखी काही. दिवसाचे २०० सहज होतात. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे किमान ४०० ची सोय. शंभर वॉटची सौरपट्टी बोटीवर दिवसाला ढोबळमानाने ३० ॲम्पिअर-तास देते, आणि शिडाची किंवा दोराची सावली पडली तर त्याहून बरीच कमी. हा हिशेब जमत नसेल तर आधी खर्च कमी करावा, पट्ट्या नंतर वाढवाव्यात.

पाण्याची टाकी एकच नको. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये म्हादेईतून एकट्याने, कुठेही न थांबता प्रदक्षिणा करत होते, तेव्हा शेवटच्या टप्प्यात पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं होतं. दोन वेगळ्या टाक्या, दोन वेगळे नळ आणि शिवाय कॅनमध्ये सुटं पाणी, अशी विभागणी करावी. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला पाणी मोजून वापरायला शिकवावं लागत नाही. ती सवय इथे फार मोलाची ठरते.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांनी बदलाव्यात, त्या कितीही चकचकीत दिसल्या तरी. मधल्या काळात सुती फडकं तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवावं. तुटलेला एखादा धागा असेल तर फडकं तिथे अडकतं. हाताचं बोट मात्र फिरवू नये, तो धागा सुईसारखा शिरतो. तार टोकाच्या धातूच्या नळीत जिथे शिरते, ती जागा भिंगाने पाहावी.

सुकाणूकडे सगळ्यांत उशिरा लक्ष जातं. तारिणीवर सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात प्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं. चाक निकामी झालं तर सुकाणूच्या खांबावर थेट बसवायचा आणीबाणीचा दांडा बहुतेक बोटींवर असतो. तो कपाटात पडून राहतो. आपण नवीन बाक किंवा पेटी बसवली आणि दांडा फिरायला जागाच उरली नाही, असं हमखास होतं. म्हणून मागच्या भागातला कुठलाही बदल पक्का करण्याआधी दांडा बसवून, चाक सोडून, अर्धा तास बोट चालवून पाहावी.

अभिलाष टॉमींच्या आधी म्हादेईतून प्रदक्षिणा केलेले दिलीप दोंदे तिच्या बांधणीच्या काळात गोव्यात राहून कामात स्वतः सहभागी झाले होते. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघून मे २०१० मध्ये ते परतले, वाटेत चार थांबे. आपणही कारागीर कितीही चांगला असला तरी काम चालू असताना शेजारी उभं राहावं, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावावी, झाकण्याआधी फोटो काढावेत. भर समुद्रात वायर शोधायला आपणच असणार.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. देखभालीला दरवर्षी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के धरावेत, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब असतो. देखभालीचं म्हणाल तर आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधी बोट सुरक्षित खाडीत न्यावी किंवा पाण्याबाहेर काढावी. जागा आणि क्रेन मार्चमध्येच ठरवून ठेवावी, मे महिन्यात सगळ्यांनाच ती हवी असते. बोट वर आली की तळ घासून जीव चिकटू न देणारा रंग लावायचा, बाकीच्या धातूंऐवजी झिजावेत म्हणून तळाला लावलेले जस्ताचे तुकडे बदलायचे, शिडं उतरवून गोड्या पाण्याने धुऊन वाळवायची. तळाच्या तोट्या उघडून साफ करायच्या, ग्रीस लावायचं, आणि बोट पुन्हा पाण्यात सोडल्यावर क्रेनचे पट्टे काढण्याआधी आत उतरून प्रत्येक तोटीखाली हात फिरवून पाहायचं, ओल लागते का.