जाताना आठ तास, येताना सात

लंडनहून न्यूयॉर्कला विमानाने जायला साधारण आठ तास लागतात. परतताना मात्र सातच्या आसपास. अंतर तेच, सुमारे ५,५४० किलोमीटर. विमानही तेच. मग हा तासभर वाचतो कसा?

जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्या तापमानातला फरक वाढला, की हा प्रवाहही जोर धरतो. परतीचं विमान त्यावर स्वार होतं, जाणाऱ्याला तो अडवतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त! तरी त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. कारण ती मोजायची भोवतालच्या हवेच्या तुलनेत, आणि इथे हवाच विमानाला घेऊन धावत होती. मला या साऱ्यात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

अटलांटिकवरचे मार्ग म्हणून रोज वाऱ्याचा अंदाज पाहून नव्याने आखतात. न्यूयॉर्ककडे निघालेलं विमान हा प्रवाह टाळण्यासाठी प्रसंगी लांबचा वळसाही घेतं. किलोमीटर वाढतात, पण वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं.