तेलाच्या नळीतला सुकाणूधर

बालाघाटजवळ वैनगंगेत डोंगा घेऊन निघालेल्या ढीवराचे हात निरखून पाहावेत. डोंग्याचं नाक नुसतं वळू लागलं की त्याचं वल्हं पाण्यात जातं, आणि नाक सरळ होण्याआधीच हात सैल पडतो. प्रवाह एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा जोर तो कायम थोडा जास्त ठेवतो. मी बोटीच्या ऑटोपायलटविषयी वाचू लागलो तेव्हा मला पहिल्यांदा हेच हात आठवले.

रशियातून अमेरिकेत गेलेल्या निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्याने जहाजांवरच्या सुकाणूधरांचं असंच निरीक्षण केलं होतं. जहाज किती चुकलं, किती वेगाने चुकत चाललंय आणि मघापासून कुठल्या बाजूला सारखं ओढलं जातंय, या तिन्हींचा अंदाज घेऊन कसलेला माणूस चाक फिरवतो. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मिनॉर्स्कीने हे गणितात मांडलं. पुढच्या वर्षी ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याच्या यंत्राच्या चाचण्या झाल्या. आजच्या लहान बोटीतला ऑटोपायलटही मुळात हाच हिशेब करतो.

हिशेब झाला तरी सुकाणू हलवायचं काम उरतंच, आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये ते तेल करतं. आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत अजस्र डंपरांची चाकं तेलाच्या दाबानेच वळतात. बोटीवर चाकामागे एक छोटा हातपंप असतो. चाक फिरलं की तेल एका नळीतून मागच्या सिलिंडरमध्ये शिरतं, दांडा सरकतो आणि सुकाणू वळतं. ऑटोपायलट बसवायचा म्हणजे याच दोन नळ्यांना जोड देऊन विजेवर चालणारा, दोन्ही दिशांनी फिरणारा पंप लावायचा. तिसरी नळी तेलाच्या टाकीकडे जाते. दांडा एकाच बाजूने बाहेर येणाऱ्या सिलिंडरमध्ये ती फार महत्त्वाची, कारण दांड्याने जागा अडवल्यामुळे दोन्ही बाजूंना मावणारं तेल सारखं नसतं. तो फरक ही नळी भरून काढते.

पंप निवडताना मोठा तो चांगला, असं समजू नये. सिलिंडरमध्ये १६० घनसेंटिमीटर तेल मावत असेल आणि पंप मिनिटाला एक लिटर ढकलत असेल, तर सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला साडेनऊ सेकंदांच्या आसपास लागतात. पंप फार जोरकस असला तर सुकाणू गरजेपेक्षा पुढे जातं, मग मागे येतं आणि बोट नागमोडी चालू लागते. पंप मंद असला तर मागून येणारी लाट बोटीला आडवी करेपर्यंत सुकाणू हव्या त्या जागी पोचतच नाही.

सगळ्यात चिकाटीचं काम हवा काढण्याचं. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत बुडबुडा राहिला तर पंपाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि सुकाणू जागचं हलत नाही. मोटारीच्या ब्रेकची हवा काढतात तशी इथेही काढावी लागते. चाकाजवळचा पंप सहसा सगळ्यात उंचावर असतो, तिथून तेल ओतत राहायचं आणि चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत, बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. इथे घाई केली तर पुढचा सगळा खर्च वाया, असं माझं ठाम मत आहे. हवा निघाली की ऑटोपायलटला दिशा सांगणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र लोखंड, इंजिन आणि स्पीकरपासून दूर बसवायचं. नंतर शांत पाण्यात बोटीला संथ गोल फिरवून त्याची चूक यंत्राकडूनच मोजून घ्यायची.

हा खटाटोप कशासाठी, हे एकट्याने समुद्रावर जाणाऱ्याला विचारावं. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. ही ५६ फुटी शिडाची नौका गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधलेली. बोटीवर दुसरं माणूस नाही. शिडं बदलायची, स्वयंपाक करायचा, तुकड्यातुकड्यांनी झोपायचं, आणि तेवढा वेळ दिशा यंत्राच्या हाती. मात्र यंत्राला दिशा कळते, समोर पसरलेलं जाळं किंवा दिव्याविना उभी असलेली होडी कळत नाही. म्हणून पहारा माणसाचाच राहतो.

सगळं बसवून झाल्यावर पहिल्या चाचणीला बटण दाबलं की मागे पंपाची हलकी घरघर सुरू होते. सिलिंडरचा दांडा सरकतो, सुकाणू वळतं, पण समोरचं चाक स्थिर असतं. तेल चाकाकडे उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व वाटेत असतो.