शालेय दप्तराची दुसरी प्रत

सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या वसई तालुक्यातील सोपारे येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. येथील शिळा भंगल्या. तथापि त्यांवरील मजकूर काय होता, हे आज आपणांस ठाऊक आहे. कारण तेच लेख गिरनार, कालसी, शाहबाजगढी अशा परस्परांपासून दूर असलेल्या स्थळीही कोरविलेले होते. एका ठिकाणची प्रत गेली, तरी दुसऱ्या ठिकाणची उरली. इंटरनेटवरील बॅकअप म्हणजे याच तत्त्वाचा आजचा उपयोग होय.

शिक्षकांना याची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या कपाटातील जनरल रजिस्टरचा विचार करावा. जन्मतारीख, जात आणि प्रवेशाचा दिनांक यांची ती नोंद कित्येकदा त्या कुटुंबाचा एकमेव जुना लेखी पुरावा असतो. अनुसूचित जमातीचा दाखला पडताळताना १९५० पूर्वीच्या नोंदीस विशेष महत्त्व दिले जाते. वारली, कातकरी वा मल्हार कोळी कुटुंबातील आजोबांच्या नावाचे पान वाळवीने खाल्ले, तर नातवाच्या शिक्षणाची वाट अडते. शाळेच्या स्नेहसंमेलनांची व जुन्या शिक्षकांची छायाचित्रेही एकदा गेली की पुन्हा मिळत नाहीत.

संकट सांगून येत नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-नालासोपारा परिसर जलमय झाला, रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि अनेक घरांत पाणी शिरले. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास आग लागली व असंख्य फायली भस्मसात झाल्या. जेथे राज्याचे दप्तर सुरक्षित राहिले नाही, तेथे पत्र्याच्या कपाटाचा भरवसा किती धरावा?

बॅकअपची रीत अवघड नाही. आपल्या मोबाईलमधील फोटो वा फाईल इंटरनेटद्वारे दूरच्या संगणककेंद्रात साठविली जाते. मोबाईल हरवला, तरी खात्याचे नाव व पासवर्ड यांच्या साहाय्याने ती परत मिळते. गुगलच्या खात्यात सामान्यतः १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. रजिस्टरच्या एका पानाचा फोटो ३ एमबीचा धरला, तर सुमारे ५,००० पाने तीत मावतात. मात्र मेल, ड्राइव्ह व फोटो या तिन्हींसाठी मिळून ही जागा असते, हे विसरू नये.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. मुख्याध्यापकांच्या संमतीने शाळेच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडावे. शिक्षकाच्या खाजगी खात्यात दप्तर ठेवल्यास बदलीबरोबर तेही जाते. पदभार देताना खात्याचा पासवर्ड सोपवावा व खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक बदलावा.

२. पाने भरपूर उजेडात, सरळ वरून टिपावीत. फाईलला वर्ष व पृष्ठक्रमांक यांचे नाव द्यावे. अन्यथा हजार फोटोंतून एक नोंद शोधणे दुष्कर होते.

३. मोबाईलवर फोटो पुसला असता तो बऱ्याचदा खात्यातूनही पुसला जातो. गुगल फोटोंमध्ये बॅकअप झालेला असा फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतो, नंतर कायमचा जातो. म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती शाळेच्या इमारतीबाहेर, मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर ठेवावी.

४. पासवर्ड लांब असावा व द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणी कितीही आर्जवाने मागितला, तरी देऊ नये.

५. दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल बंद करू शकते. म्हणून प्रत्येक सत्राच्या आरंभी खाते उघडून एखादी फाईल खरोखर परत मिळते की नाही, हे पाहावे. न तपासलेला बॅकअप हा केवळ समज असतो.

६. मुलांची जात, आधार क्रमांक व छायाचित्रे ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा बालकांच्या माहितीविषयी विशेष काळजी घेण्यास सांगतो. यास्तव कोणासही उघडता येईल अशी लिंक कधीही देऊ नये. पालकांच्या वा गावाच्या गटावर रजिस्टरची पाने टाकू नयेत.

फोटो काढला म्हणून मूळ रजिस्टरची निगा सोडून चालणार नाही. पडताळणीच्या वेळी मूळ पानच मागितले जाते. परंतु ते पान भिजले वा फाटले, तर त्यावर काय लिहिले होते हे सांगणारी प्रत तरी आपल्यापाशी असेल.

पावसाळा लागण्यापूर्वी रोज पंचवीस पाने टिपली, तर दोनशे पानांचे रजिस्टर आठ दिवसांत पूर्ण होते. सर्वांत जुन्या रजिस्टरापासून आरंभ करावा. कारण त्याचेच आयुष्य सर्वांत थोडे उरलेले असते.