दूरसंचाराचा सरकारी मक्ता : घ्यावा कीं न घ्यावा ?

उद्योगांत पडलेल्या आपल्या तरुणांपुढें हल्लीं एक प्रश्न वरचेवर उभा राहतो. गांवोगांवीं ऑप्टिकल फायबरची केबल टाकण्याचीं, मनोऱ्यांच्या देखभालीचीं, यंत्रांच्या पेट्या पुरविण्याचीं सरकारी कामें निघतात. त्यांच्या निविदा घरबसल्या संगणकावर दिसतात. आणि सातपूरला किंवा अंबडला लहानसा कारखाना चालविणारा मुलगा वडील मंडळींस विचारतो, 'आपण यांत कां न पडावें?' हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नसतो. एकत्र कुटुंबांत धंद्याचें भांडवल आणि घरची ठेव यांच्यामधली भिंत फार पातळ असते. म्हणून या प्रश्नाचा खल कचेरीप्रमाणेंच माजघरांतहि झाला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

मुलाचा मोह वावगा आहे असें मात्र कोणी समजूं नये. देशांतील सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायती फायबरनें जोडण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. २०१५ सालीं तिचें 'भारतनेट' असें नांव झालें. महाराष्ट्रांत तिचा दुसरा टप्पा राज्य सरकारनें 'महानेट' या नांवानें हातीं घेतला. आणि २०२३ सालीं सुधारित योजनेस १,३९,५७९ कोटि रुपयांची मंजुरी मिळाली. शिवाय लहान उद्योगाला कायद्याचा आधारहि आहे. केंद्राच्या खात्यांनीं व उपक्रमांनीं आपल्या वार्षिक खरेदीपैकीं निदान शेकडा पंचवीस भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असें धोरण आहे. 'उद्यम' नोंदणी असलेल्या अशा उद्योगास निविदेबरोबरची बयाणा रक्कम माफ असते. आणि त्याचा भाव सर्वांत कमी भावाहून शेकडा पंधरापर्यंत चढा असला, तरी खालच्या भावास कबूल झाल्यास पुरवठ्याचा कांहीं भाग त्यास मिळूं शकतो. हें सर्व खरें आहे, आणि तरुणांनीं तें जाणून घ्यावें.

परंतु संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. जें हातीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें आहे तें राखणें हा क्षेम. निविदेच्या कागदांत योगाचे आंकडे ठळक असतात. क्षेमाचा हिशेब मात्र ज्याचा त्यानेंच मांडावयाचा असतो. तो एकदां मांडून पाहूं.

समजा, केबल टाकण्याचें चाळीस लक्ष रुपयांचें काम मिळालें. माल, मजुरी, डिझेल मिळून खर्च छत्तीस लक्ष. म्हणजे नफा चार लक्ष, शेकडा दहा. घरांत पेढे वांटावे असाच हा आंकडा. आतां असें धरा कीं, काम पुरें झाल्यावर मोजमाप, तपासणी व मंजुरी होऊन पैसा हातीं पडावयास नऊ महिने लागले. छत्तीस लक्षांवर शेकडा बारा दरानें नऊ महिन्यांचें व्याज तीन लक्ष चोवीस हजार होतें. त्यांत जी.एस.टी.ची भर. शेकडा अठरा प्रमाणें कर सात लक्ष वीस हजार. खरेदीवर भरलेला कर वजा जातां चार लक्ष खिशांतून भरावे लागले असें धरूं. हा कर बिल दिल्यानंतरच्या महिन्यांतच भरावा लागतो. सरकारनें बिल चुकतें केलें कीं नाहीं, हें कर घेणारें खातें विचारीत नाहीं. त्याचें व्याज छत्तीस हजार. उरले चाळीस हजार. आणि पावसामुळें काम चार आठवडे लांबलें, तर बहुतेक करारांत असतो त्या आठवड्याला शेकडा अर्ध्या टक्क्याच्या दंडानें ऐंशी हजार कापले जातात. चार लक्षांच्या नफ्याचें चाळीस हजारांचें नुकसान झालें. आणि यांत कोणी लबाडी केलेली नाहीं, कोणी चुकलेलाहि नाहीं.

दंडाची गोष्ट आपल्या जिल्ह्यांत काल्पनिक नव्हे. फायबरची केबल साधारणपणें १६५ सेंटिमीटर खोल पुरावी असा दंडक आहे. निफाडच्या काळ्या मातींत तें जमेल. परंतु पेठ, सुरगाणा, त्र्यंबक व इगतपुरी या भागांत थोडें उकरलें कीं काळा पाषाण लागतो. मग खोली कमी करण्यास परवानगी मागावी लागते, नळी व कांक्रीट घालावें लागतें. रस्ता बांधकाम खात्याचा, पुढचा तुकडा वनखात्याचा, त्यापुढचा ग्रामपंचायतीचा. प्रत्येकाची संमति निराळी. आणि जूनपासून चार महिने घाटमाथ्यावर खणण्याचें नांव काढावयास नको. निविदेंतील मुदत मात्र दिवसांनीं मोजलेली असते. भाव भरण्यापूर्वीं जो स्वतः त्या वाटेनें चालून आला नाहीं, त्यानें भाव भरूं नये.

पैसा उशिरां आला तर कायदा नाहीं काय ? आहे. २००६ च्या लघुउद्योगविषयक कायद्याप्रमाणें माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून फार तर पंचेचाळीस दिवसांत रक्कम द्यावी लागते. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज लागू होतें, आणि त्यासाठीं राज्याच्या परिषदेकडे दाद मागतां येते. पण या ढालीला दोन भोकें आहेत. बांधकामासारख्या मक्त्यांना हें संरक्षण लागू पडतें कीं नाहीं, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. आणि ज्या कचेरीकडून पुढचें काम हवें, तिच्याविरुद्ध अर्ज करण्यास लहान माणूस सहसा धजत नाहीं. शिवाय देणाराच अडचणींत असला तर ? भारत संचार निगमाला २०१९ सालीं आपल्या नोकरांचे फेब्रुवारीचे पगारहि वेळेवर देतां आले नाहींत. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सरकारला त्याच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर करावी लागली. जेथें पगार थांबतो, तेथें पुरवठादाराच्या बिलानें कोणाकडे पाहावें ?

मोठीं कामें मोठ्या कंपन्यांना जातात आणि त्यांतला तुकडा पोटमक्त्यानें लहानाच्या वांट्यास येतो, ही दुसरी रीति. ती अधिक सोपी दिसते. पण 'आम्हांस मिळाल्यावर तुम्हांस देऊं' हें कलम करारांत आहे कीं काय, तें आधीं पाहावें. विलायतेंत कॅरिलियन नांवाची सरकारी कामें घेणारी प्रचंड कंपनी जानेवारी २०१८ मध्यें बुडाली, तेव्हां सुमारें तीस हजार पुरवठादार व पोटमक्तेदार तिच्यामागें अडकले. मुख्य झाड कोसळलें कीं फांदीवरच्या घरट्याला कोणी विचारीत नाहीं.

आतां घराची गोष्ट. बयाणा माफ असला, तरी काम मिळाल्यावर कराराच्या शेकडा तीनपासून दहापर्यंत अनामत किंवा बँकेची हमी सामान्यतः द्यावीच लागते. हमी देण्यासाठीं बँक तारण मागते. आणि तेथें पंचवटींतल्या वाड्याचा किंवा कॉलेजरोडवरच्या घराचा कागद पुढें येतो. एकट्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्यांत जबाबदारीला सीमा नाहीं. अविभक्त कुटुंबाच्या धंद्यांत कर्ता स्वतः जबाबदार असतो आणि इतरांचा हिस्साहि अडकतो. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीहि समान सहदायाद आहेत. तेव्हां वडिलार्जित घर तारण ठेवतांना सासरीं गेलेल्या मुलीला विचारणें हें केवळ सौजन्य राहिलेलें नाहीं. घरांतील स्त्रियांनींहि 'येथें सही करा' म्हटल्याबरोबर सही करूं नये. कागद वाचून घ्यावा. त्यांचे दागिने हे त्यांचे आहेत, मक्त्याचे नव्हेत. तारणावांचून कर्ज व हमी मिळावी म्हणून २००० सालीं स्थापन झालेला पतहमी निधि बँकांमार्फत उपलब्ध आहे. आधीं तेथें जावें. धंदा मर्यादित जबाबदारीच्या संस्थेच्या नांवें करावा. मात्र तिच्यासाठीं वैयक्तिक जामिनकी लिहून दिली, तर ती मर्यादा कागदावरच राहते.

मग दूरसंचाराकडे पाठ फिरवावी काय ? आमचें म्हणणें तसें नाहीं. खणण्याच्या मक्त्यापेक्षां माल पुरविण्याचें काम लहान कारखान्यास अधिक झेपतें. पत्र्याच्या पेट्या, बॅटरीच्या मांडण्या, खांबांचे चाप हें सातपूर-अंबडच्या कारागिरांच्या हातचें काम आहे. त्यास पाऊस आड येत नाहीं आणि पंचेचाळीस दिवसांचा कायदा त्यास निःसंशय लागू पडतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी बाजारपेठेंत लहान मागण्यांपासून आरंभ करतां येतो. खरेदीदारानें मान्य केलेलें बिल 'ट्रेड्स' या व्यवस्थेंत कांहीं कसर सोसून आधींच वटवितां येतें. खरेदीदार तींत सामील आहे काय, एवढें आधीं विचारावें.

आणि एकाच गिऱ्हाइकावर संसार बांधूं नये. पुण्याचा फिनोलेक्स कारखाना १९५८ सालीं लघुउद्योग म्हणून मोटारींच्या तारा करूं लागला. पुढें टेलिफोनच्या केबलीहि त्यानें केल्या. मोबाइल आल्यावर तांब्याच्या त्या केबलींची मागणी ओसरली. पण घरोघरच्या विजेच्या तारा करणें त्यानें सोडलें नव्हतें. सरकार हें गिऱ्हाईक असावें, अन्नदाता असूं नये.

तात्पर्य, निविदा भरण्यापूर्वीं 'नफा किती ?' हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा : एक पैसाहि न येतां आपण किती महिने मजुरांचे पगार, बँकेचें व्याज आणि घरचा किराणा चालवूं शकतों ? उत्तर बारा महिने असें असेल, आणि घराचा कागद पेटींतून काढावा लागत नसेल, तर खुशाल भाव भरावा. मुलाला वडिलांनीं आशीर्वाद द्यावा. उत्तर तीन महिने असेल, तर ती निविदा कितीहि गोमटी दिसो, तिचा मोह सोडावा. त्यांत भित्रेपणा नाहीं. पुढच्या वर्षीं दुसरी निविदा निघेल. राहतें घर मात्र दुसऱ्यांदा निघत नाहीं.