आडवा कागद, उभं पान

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या मधल्या चौकात दाटीने, उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या हातांवर. सर्वांत लांबच्या दोघींत सुमारे २५ किलोमीटरचं अंतर. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण आकाशाचं चित्र काढते ते प्रत्येक तबकडीची इतर प्रत्येकीशी जोडी लावून. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीचा आलेख वेगळा. निरीक्षण नीट उतरलं का, कुठली तबकडी रुसली, कुठे माणसाने केलेल्या रेडिओ गोंगाटाची भेसळ झाली, हे आलेखावर नजर टाकली की कळतं. एका कागदावर एक आलेख छापला तर ४३५ कागद लागतील. एकावर १२ मांडले तर ३७ पुरतात.

म्हणूनच रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या 'एप्स' या संगणक प्रणालीत आलेख काढण्याच्या आज्ञेलाच 'एका पानावर किती?' हा आकडा जोडता येतो. पुढची आज्ञा त्या आलेखांची पोस्टस्क्रिप्ट फाइल बनवते आणि ती प्रिंटरकडे पाठवता येते. माउस नाही, चित्रांची बटणं नाहीत. कमांड लाइनवर टाइप केलेल्या ओळी तेवढ्या. आज बरीचशी पाहणी पडद्यावरच होते, पण कागदाची ही काटकसर शिकून घेण्यासारखी आहे. तिच्यात गणित आहे आणि ते सुंदर आहे.

कागदाची कदर जुन्नरला नवी नाही. पेशवाईत जुन्नरी कागद नावाजलेला होता. इथले कागदी कारागीर लगदा साच्यावर उचलत, कागद वाळवत आणि घोटून घोटून गुळगुळीत करत. हाताने केलेला तो कागद कोणी उधळत नसे. तो धरायचा कसा, याचेही दोन रिवाज होते. पोथी आडवी, कारण तिच्याआधीचं ताडपत्र आडवं. मोडीतला दफ्तरी कागद उभा. मजकूर लांबला की एका बंदाखाली दुसरा चिकटवत जायचं. प्रिंटरला आज आपण 'पोर्ट्रेट' की 'लँडस्केप' सांगतो, तो निर्णय या दोन रिवाजांत आधीच झालेला होता.

एका कागदावर अनेक पानं हाही जुना उद्योग. पुस्तकाच्या छपाईत त्याला फर्मा म्हणतात. १६ पानी फर्म्याच्या एका बाजूला ८ पानं बसतात, पण ओळीने नाही. १ च्या शेजारी १६, ४ च्या शेजारी १३, ५ च्या शेजारी १२, ८ च्या शेजारी ९. शेजाऱ्यांची बेरीज कायम १७. काही पानं उलटी लावलेली असतात. घड्या पडल्या की सगळी सरळ होऊन क्रमाने येतात. घरच्या प्रिंटरला घडी घालायची नसते, त्यामुळे त्याचं काम सोपं: पानं आक्रसायची, गरज पडली तर फिरवायची आणि शेजारी शेजारी ठेवायची.

हे काम एफोर कागदावर इतकं नेटकं जमतं त्याचं श्रेय दोनाच्या वर्गमुळाला. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्गने १७८६ साली एका पत्रात या प्रमाणाचा गुण सांगितला होता. लांबी रुंदीच्या १.४१४ पट असेल तर कागद मधोमध दुमडल्यावर अर्ध्या तुकड्याचं प्रमाणही तेच राहतं. १९२२ साली जर्मनीने या प्रमाणावर कागदाची मापं ठरवली आणि आता जगातले बहुतेक देश तीच वापरतात. एझिरोचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर, एफोर त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० ग्रॅमच्या कागदाचा एक एफोर ताव बरोबर ५ ग्रॅम भरतो. शंभर पानं एकाच बाजूला छापली तर अर्धा किलो कागद. एका बाजूवर दोन आणि दोन्ही बाजू वापरल्या तर १२५ ग्रॅम.

लीगल कागदावर हा मेळ बसत नाही. साडेआठ बाय चौदा इंचांचं पान त्याच मापाच्या कागदावर दोन-दोन करून छापलं, तर जवळजवळ २६ टक्के जागा कोरी जाते. कचेरीच्या कामात एफोर रुळणं यासाठी फार मोलाचं आहे.

आता प्रिंटरच्या पोटात काय होतं ते पाहू. छपाईत पान पॉइंटमध्ये मोजतात. एफोर म्हणजे ५९५ बाय ८४२. कोपऱ्याला शून्य मानून प्रत्येक ठिपक्याला दोन आकडे मिळतात, क्ष आणि य. दोन उभी पानं एका कागदावर आणायची तर प्रथम सगळे आकडे ०.७०७ ने गुणायचे. पान ४२१ बाय ५९५ झालं. मग ते ९० अंशांत फिरवायचं: क्षच्या जागी उणे य, यच्या जागी क्ष. पण फिरवणं कोपऱ्याभोवती होतं, त्यामुळे अख्खं पान कागदाच्या डावीकडे, बाहेर पडतं. पुढची पायरी विसरून जो इथेच थांबेल त्याच्या हाती कोरा कागद येईल. म्हणून ते ५९५ पॉइंट उजवीकडे सरकवायचं. आता ते अर्ध्या कागदावर चपखल बसतं. दुसऱ्या पानाला हेच करून वर आणखी ४२१ ची सरक द्यायची. ४२१ आणि ४२१ मिळून ८४२. एक पॉइंटही वाया नाही. आक्रसणं, फिरवणं, सरकवणं या तिन्ही क्रिया पोस्टस्क्रिप्टमध्ये सहा आकड्यांच्या एका सारणीत मावतात.

एवढं सगळं लिनक्सवर किंवा मॅकवर एका ओळीत करून घेता येतं. मायकेल स्वीट यांची 'कप्स' ही छपाई प्रणाली १९९९ मध्ये लोकांसमोर आली आणि आज दोन्हीकडे तीच आहे. रोमन लिपीत 'एलपी' लिहायचं, मग '-ओ नंबर-अप=२', शेवटी फाइलचं नाव. दोनऐवजी ४, ६, ९ किंवा १६ चालतात. दिशेसाठी 'ओरिएंटेशन-रिक्वेस्टेड' आणि त्यापुढे आकडा: ३ म्हणजे उभं, ४ आडवं, ५ उलट बाजूने आडवं, ६ डोक्यावर. पानं कुठल्या क्रमाने मांडायची हेही 'नंबर-अप-लेआउट' ने सांगता येतं. उजवीकडून वाचल्या जाणाऱ्या उर्दूसाठी ते फार उपयोगी आहे.

घोटाळा होतो तो इथे. नंबर-अप दोन मागितलं की पानं बसवण्यासाठी लागणारं फिरवणं प्रणाली स्वतःच करते. त्यावर पुन्हा 'आडवं' सांगितलं तर मांडणी बिघडू शकते. मूळ पान आडवं असेल तेव्हाच ते सांगावं. आणि दोन्ही बाजूंना छापताना कागद कुठल्या कडेवर उलटणार ते आधी ठरवावं. दोन पानं शेजारी असलेला आडवा ताव पुस्तकासारखा उलटायचा असेल तर 'शॉर्ट-एज', आखूड कड. पोथीचं पान मात्र लांब कडेवर उलटतं. आडवी पोथी छापायची तर 'लाँग-एज'.

राहता राहिला आपल्या लिपीचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. १२ पॉइंटचं अक्षर दोन-पानी छपाईत साधारण साडेआठ पॉइंटचं होतं, चार-पानीत सहाचं. सहा पॉइंट म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. रोमन अक्षर त्यात कसंबसं तग धरतं. देवनागरीला मात्र त्याच उंचीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय एवढं सगळं बसवायचं असतं. लेसर प्रिंटरवर तो अनुस्वार कदाचित वाचेल, पण त्याच कागदाची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की तो पहिला नाहीसा होतो. पहिली-दुसरीच्या मुलाला असा कागद वाचायला देणं हा अन्याय आहे. इंग्रजी मजकुरावर बेतलेली 'चार पानं सहज चालतात' ही सवय मराठीला लावू नये.

जुन्नर-आंबेगावच्या शाळांत सराव प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती: एफोर कागद घ्या, नंबर-अप दोनवर थांबा, दोन्ही बाजू वापरा आणि गठ्ठा छापण्याआधी एकच प्रत काढून तिची झेरॉक्स वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. तो अडखळला तर मूळ मजकूर १४ पॉइंटचा करा.