विश्लेषण : भूल दिल्यावर नेमके काय होते? मधला वेळ जातो कुठे?

रत्नागिरीत एखाद्या घरात ऑपरेशनची तारीख ठरली की पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. दुसरा जरा हळू आवाजात येतो : ‘पूर्ण भूल देणार की कमरेखालची?’ त्यामागे एक तिसरा प्रश्न असतो, तो बहुतेक जण विचारतच नाहीत : ‘पुन्हा जाग येईल ना?’ सर्जनचे नाव सगळ्या वाडीला ठाऊक असते. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नाव मात्र अनेकदा खुद्द रुग्णालाही माहीत नसते. रुग्ण टेबलावर असेपर्यंत त्याचा श्वास, नाडी आणि रक्तदाब याच डॉक्टरांच्या नजरेखाली असतो. त्या तास-दोन तासांत रुग्णाला काय जाणवते आणि काय जाणवत नाही, हे आधी माहीत असेल तर भीती निम्मी होते.

डोळे मिटेपर्यंत काय जाणवते?

पित्ताशयातले खडे काढण्यासाठी दाखल झालेल्या पन्नाशीतल्या बाईंचे उदाहरण घेऊ. हे ऑपरेशन दुर्बिणीने होते आणि सहसा पूर्ण भूल देऊनच होते. ऑपरेशन थिएटरमध्ये आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती थंडी. एसी, पातळ गाऊन आणि अरुंद, गार टेबल. छातीवर चिकट बटणे लावली जातात, दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळतो, बोटाला चिमटा लागतो आणि स्वतःच्याच नाडीचा टिक टिक आवाज ऐकू येऊ लागतो. घाबरलेल्या माणसाला तो आवाज वेगाने पळताना ऐकू येतो. त्यामुळे तो आणखी घाबरतो. हे सगळ्यांचेच होते, डॉक्टरांना त्याचे नवल नसते.

मग नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क येतो. त्याला प्लास्टिकचा वास असतो आणि काहींना त्यात गुदमरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळत असतो. हाताच्या सुईतून आधी वेदनाशामक जाते, डोके थोडे हलके होते, क्वचित खोकला येतो. त्यानंतर दुधासारखे पांढरे औषध. ते प्रोपोफॉल. सोयाबीनच्या तेलात विरघळवून त्याचे दुधी मिश्रण केलेले असते, म्हणून हा रंग. ते शिरेतून वर चढताना अनेकांच्या हाताला चरचर किंवा जळजळ होते. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण दचकतो. जुने थायोपेन्टोन हे औषध दिल्यावर काहींना तोंडात कांदा-लसणाची चव यायची.

डॉक्टर बोलत राहतात. ‘मावशी, गाव कुठलं तुमचं?’ ‘पावस.’ ‘कलमं किती आहेत घरची?’ मावशी मोजायला लागतात, ‘वरच्या बागेत बारा, आणि खाली...’ एवढेच. औषध शिरेत गेल्यापासून साधारण अर्ध्या-एक मिनिटात वाक्य तुटते. ते तुटल्याचे मात्र त्यांना कळत नाही. आपण आता जाणार, असे वाटायलाही सवड मिळत नाही.

मधला वेळ कुठे जातो?

पूर्ण भुलीतली सगळ्यात विचित्र गोष्ट हीच आहे. झोपेतून उठल्यावर घड्याळ न पाहताही बराच वेळ गेला की थोडा, याचा अंदाज येतो. माणूस कूस बदलतो, स्वप्ने पाहतो, हाक मारली की उठतो. भुलीत यातले काही नसते. बहुतेकांना आधीचा क्षण आणि नंतरचा क्षण एकमेकांना चिकटवल्यासारखे लागून येतात. म्हणून ऑपरेशन संपवून बाहेर आणल्यावर मावशी विचारतात, ‘डॉक्टर, अजून सुरू नाय केलंत?’ आणि डॉक्टर हसून सांगतात, ‘झालं मावशी, खडे पण काढले.’

धीर देण्यासाठी डॉक्टर ‘आता झोप येईल’ असे म्हणतात, पण ती झोप नव्हे. मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखात गाढ भूल ही झोपेपेक्षा कोमाच्या अधिक जवळची दिसते. फरक एवढाच, की हा कोमा औषधाने आणलेला, मापात ठेवलेला आणि औषध थांबवले की उलटणारा असतो. प्रोपोफॉल मेंदूतल्या ‘गाबा’ नावाच्या रसायनाचे काम वाढवते. हे रसायन मज्जापेशींचा ब्रेक आहे. जागा मेंदू म्हणजे मिरकरवाड्यावरचा मासळीचा लिलाव समजा. शंभर आवाज, प्रत्येकाचा भाव वेगळा, तरी सगळ्यांना एकमेकांचे कळते आणि व्यवहार होतो. भुलीत हा बाजार बंद पडत नाही. सगळे एका ठेक्यात एकच अक्षर ओरडू लागतात. आवाज असतो, पण कोणी कोणाला काही सांगत नाही. मेंदूचे भाग काम करत असतात, त्यांचे आपसातले बोलणे तुटलेले असते. जाणीव या बोलण्यातूनच उभी राहते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. ती नेमकी कशी उभी राहते, हे कोडे अजून सुटलेले नाही.

भूल हे एकच औषध नसते, हेही इथे समजून घ्यायला हवे. बेशुद्धीसाठी एक, वेदनेसाठी दुसरे, स्नायू सैल पाडण्यासाठी तिसरे. स्नायूंच्या औषधाने श्वासही थांबतो, म्हणून घशात नळी घालून यंत्राने श्वास दिला जातो. बेशुद्धी टिकवायला सेव्होफ्लुरेनसारखा वायू किंवा प्रोपोफॉलचे थेंब चालू ठेवतात. आठवणीचे काम सगळ्यात कमी मात्रेत बंद पडते. म्हणूनच थिएटरमध्ये नेण्याआधी शांत करणारे इंजेक्शन घेतलेला माणूस डॉक्टरांशी नीट बोलतो आणि नंतर त्याला त्यातले काही आठवत नाही. ‘भूल’ हा मराठी शब्द इथे चपखल बसतो. शासकीय पाटीवर ‘बधिरीकरणशास्त्र विभाग’ लिहिलेले असते, त्यात निव्वळ बधिरता येते. भुलीत विसर पडणेही आहे.

पूर्वी हे एवढे सोपे होते?

नव्हते. ‘मला क्लोरोफॉर्म दिला तेव्हा चौघांनी धरले होते,’ असे सांगणारे आजोबा खोटे बोलत नसत. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पुढच्याच वर्षी, मार्च १८४७ मध्ये, ईथर कोलकात्यात वापरले गेले आणि त्याच नोव्हेंबरात एडिनबर्गच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणले. ही औषधे हुंगूनच घ्यायची. शुद्ध जायला काही मिनिटे लागत आणि त्या मिनिटांत माणूस अर्धवट अवस्थेतून जाई. गुदमरणे, कानांत घणघण, हातपाय झाडणे, बरळणे. आजच्या इंजेक्शनने ही पायरी ओलांडली जाते. ‘भूल म्हणजे गुदमरणे’ ही जुनी समजूत मात्र घराघरांत राहिली.

महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला क्लोरोफॉर्म १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीचा. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना अपेंडिक्सचा त्रास झाला आणि त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले गेले. शस्त्रक्रियेला संमती असल्याचे पत्र त्यांच्याकडून घेतले गेले, श्रीनिवास शास्त्री त्या वेळी हजर होते. कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळी पाऊस सुरू झाला, मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. त्या काळी भूल किती खोल आहे, हे डोळ्यांच्या बाहुल्या, श्वासाची लय आणि नाडीवर ठेवलेले बोट यांवरून ठरवायचे. अंधारात रुग्णाच्या बाहुल्या पाहायच्या म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. क्लोरोफॉर्मने हृदय अचानक बंद पडण्याचाही धोका असे. तो श्वास थांबल्यामुळे असतो की हृदय थांबल्यामुळे, हा वाद सोडवण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले होते. आज बोटाला लावलेला चिमटा रक्तातला ऑक्सिजन क्षणोक्षणी दाखवतो आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर दिसतो. भूल सुरक्षित होण्यात नव्या औषधांइतकाच या दोन आकड्यांचा वाटा आहे.

मध्येच जाग आली तर?

ही भीती सिनेमांनी वाढवली असली तरी ती निराधार नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत अशी तक्रार साधारण १९ हजार भुलींमागे एका रुग्णाने केलेली आढळली. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश घटना शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी किंवा ती संपल्यानंतरच्या होत्या. म्हणजे भूल चढताना किंवा उतरताना. बहुतेक रुग्णांना स्नायू सैल पाडणारे औषध दिलेले होते. शुद्ध आहे पण हलता येत नाही, ही या अनुभवातली खरी दहशत. नंतर महिनोन्महिने झोप उडालेले रुग्णही असतात. असे काही झाले असे वाटले तर ‘मला भास झाला असेल’ म्हणून गप्प बसू नये. त्याच दिवशी भुलीच्या डॉक्टरांना सांगावे. त्यांनी ऐकून घेऊन नेमके काय घडले ते समजावणे, हा उपचाराचाच भाग आहे.

काहींना भुलीत स्वप्ने पडतात. ती बहुधा औषध उतरत असतानाची असतात आणि अनेकदा सुखाची असतात. केटामाइन हे औषध दिले असेल तर मात्र तरंगल्यासारखे, शरीर सोडून गेल्यासारखे विचित्र भास होऊ शकतात.

जाग येताना काय होते?

जाग एका झटक्यात येत नाही. आधी श्वास स्वतःचा स्वतः सुरू होतो, मग गिळणे, खोकणे. नावाने हाक मारली की डोळे उघडतात, ‘हात दाबा’ म्हटले की माणूस दाबतो. घशातली नळी बहुधा याच सुमारास काढतात. हे सारे होताना माणूस जागा असतो, पण त्याची आठवण अजून लिहिली जात नसते. त्यामुळे नळी काढल्याचे बहुतेकांना आठवत नाही. रिकव्हरी खोलीत तोच तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, ‘झालं का?’ पाच मिनिटांनी परत, ‘झालं का?’ नातेवाईक घाबरतात, ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणतात. तसे काही झालेले नसते. उत्तर ऐकू येते, टिकत नाही.

त्या पहिल्या तासात दात वाजेपर्यंत थंडी भरते, घसा खरखरतो, मळमळते, डोळ्यांपुढे धूसर दिसते. लघवीची नळी असेल तर सारखे जाऊन यावेसे वाटते. काही जण उगाचच रडतात. लहान मुले तर अर्धा तास कोणालाही न ओळखता आकांत करतात. आईला ते पाहवत नाही, पण मुलाला नंतर त्यातले काही आठवत नाही.

सत्तरीपुढच्यांचे वेगळे असते. पहिले एक-दोन दिवस आजोबा रात्री उठून ‘गुरं सोडायचीत’ म्हणत सलाइन ओढू शकतात. याला वात म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना कळवावे. त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र आणि घरचे एक ओळखीचे माणूस जवळ ठेवल्याने फरक पडतो.

काही मिनिटांची भूल

राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, म्हणून हा भाग इथल्या वाचकांसाठी. मनोविकारांवरच्या ‘शॉक’ उपचाराचे चित्र लोकांच्या डोक्यात अजून जुन्या सिनेमातलेच आहे. जागा माणूस, आवळलेले पट्टे, किंकाळी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू सैल पाडणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास बंदी आहे. आता रुग्णाला हाताला टोचलेली सुई आठवते आणि नंतर जाग आल्याचे. दुसऱ्या दिवशी जोरात कामाला गेल्यासारखे अंग दुखू शकते, तो स्नायूंच्या औषधाचा परिणाम असतो.

पेज चालते का?

‘उपाशी राहा’ म्हटल्यावर कोकणात हमखास ऐकू येणारे वाक्य : ‘काय खाल्लं नाय, जरा पेज घेतली.’ पेज चालत नाही. भुलीच्या हिशोबात ते जेवणच. दुधाचा चहा, सोलकढी, ताकही त्यातलेच. हलक्या खाण्यानंतर किमान ६ तास, तळलेले किंवा मटण-मासळीचे जेवण असेल तर ८ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास जावे लागतात. कारण सरळ आहे. भुलीत ठसका लागत नाही. पोटातले वर आले तर ते थेट फुप्फुसात उतरते. म्हणून चुकून काही खाल्ले असेल तर ते लपवण्यापेक्षा ऑपरेशन चार तास पुढे गेलेले चांगले.

मशेरी, तंबाखू आणि दारूचेही तसेच. पाच नातेवाईक भोवती उभे असताना कोणी खरे सांगत नाही. भुलीच्या डॉक्टरांना एकटे भेटून सांगता येते आणि ते ऐकून उपदेश करायला बसत नाहीत, त्यांना औषधाचे माप ठरवायचे असते. हलणारा दात, कवळी, आधीच्या भुलीत झालेला त्रास, घरात कोणाला भुलीत काही झाले असल्यास ते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वैद्यांकडचे काढे हेही सांगायचे. नखांवरचा गडद रंग काढावा, नाहीतर बोटाचा चिमटा चुकीचा आकडा दाखवू शकतो. मंगळसूत्र, चमकी आणि बांगड्या घरीच काढून ठेवलेल्या बऱ्या, ऐनवेळी दारात त्यावरून रडारड होते.

आणि ‘पुन्हा जाग येईल ना?’ हा प्रश्न त्यांनाच थेट विचारावा. धडधाकट माणसाचा निव्वळ भुलीमुळे मृत्यू होणे आता अत्यंत दुर्मीळ आहे. हृदयविकार, दमा, अनियंत्रित साखर किंवा तातडीची शस्त्रक्रिया असेल तर धोका वाढतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. तो किती, हे आदल्या दिवशी तपासायला आलेले डॉक्टर सांगू शकतात.

त्याच दिवशी घरी सोडले तर पुढचे २४ तास स्कूटर चालवू नये, दारू घेऊ नये आणि कोणत्याही कागदावर सही करू नये. माणूस बोलताना ठीक वाटतो, पण निर्णय घेण्याइतका मेंदू अजून स्वच्छ झालेला नसतो. जमिनीच्या वाटणीचे कागद घेऊन कोणी भेटायला आलेच, तर त्यांना परवा यायला सांगावे.