विश्लेषण : बुरशी लागलेला मका गुरांना घातला, तर विष दुधात कसे उतरते? ‘अफ्लाटॉक्सिन’ शिजवूनही का जात नाही?

परतीच्या पावसात भिजलेली मक्याची कणसे किंवा काळे पडलेले शेंगदाणे घरात कोणी खात नाही. फेकून देणेही जिवावर येते, म्हणून ते गुरांपुढे टाकले जातात. मात्र त्यावर वाढलेल्या बुरशीने तयार केलेले रसायन जनावराच्या पोटात संपत नाही. त्याचा काही अंश २४ तासांच्या आत दुधात दिसू लागतो आणि दूध उकळले तरी तो जात नाही. या रसायनाचे नाव अफ्लाटॉक्सिन.

ही बुरशी कोणती?

‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ असे या हिरवट-पिवळ्या बुरशीचे शास्त्रीय नाव आहे. तिचे बीजाणू माती, पालापाचोळा आणि हवा अशा सगळ्या ठिकाणी असतात. मका, भुईमूग, सरकी, मिरची ही तिची आवडती पिके. भुईमुगाच्या शेंगा जमिनीतच भरतात, त्यामुळे बुरशीशी त्यांचा संबंध पहिल्यापासूनच येतो. शेंगा भरताना पावसाने ओढ दिली आणि जमीन तापली, की दाण्यातील ओलावा घटतो. बुरशीला रोखणारी रसायने दाणा स्वतः तयार करतो. ओलावा घटल्यावर तेही त्याला जमत नाही. पुढे काढणीनंतर माल ओला राहिला, तर बुरशी आणखी पसरते.

अफ्लाटॉक्सिनचे बी१, बी२, जी१ आणि जी२ असे चार मुख्य प्रकार आहेत. अतिनील प्रकाशात निळे चमकणारे ते ‘बी’ आणि हिरवे चमकणारे ते ‘जी’. यात बी१ सर्वांत घातक. बुरशी खाणाऱ्या किडींना दूर ठेवण्यासाठी ती हे विष तयार करत असावी, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.

शोध कसा लागला?

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत दगावले. कारण कळेना, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. तपासाचा माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीत ही बुरशी आणि तिचे विष सापडले. बुरशीच्या नावातील अक्षरे घेऊनच विषाला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हटले जाऊ लागले.

भारतात काय घडले होते?

१९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत कावीळ आणि जलोदराची साथ पसरली. रुग्ण प्रामुख्याने मक्यावर गुजराण करणारे आदिवासी होते. एरवी विषाणूमुळे होणाऱ्या काविळीत गावातील कुत्री आजारी पडत नाहीत. इथे मात्र घरातली माणसे आणि त्याच घरचे अन्न खाणारी कुत्री, दोघांनाही तोच त्रास होत होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तपासात ३९७ रुग्ण आणि १०६ मृत्यूंची नोंद झाली. अवकाळी पावसात भिजलेल्या आणि नीट न साठवलेल्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. आज भारतात तृणधान्यांसाठी असलेल्या मर्यादेच्या हे किमान ४०० पट आहे. केनियात २००४ मध्येही दूषित मक्यामुळेच १२५ जणांचा बळी गेला.

यकृतावर परिणाम कसा होतो?

बी१ मूळ रूपात तितकेसे धोकादायक नसते. शरीरात गेलेले परके रसायन बाहेर टाकण्यासाठी यकृतातील विकरे त्याचे रूप बदलतात. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत हीच प्रक्रिया उलटते. बदललेला रेणू पेशीतील डीएनएला चिकटतो आणि पेशींची बेलगाम वाढ रोखणाऱ्या ‘पी५३’ या जनुकात बिघाड होऊ शकतो. त्यामुळे थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनचा समावेश ‘गट १’ मध्ये, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला आहे. सोबत हेपेटायटिस-बीचा संसर्ग असेल, तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. बाळाला जन्मानंतर २४ तासांत हेपेटायटिस-बीची लस देण्याचे महत्त्व यासाठीही आहे.

दुधात ते कसे येते?

गाय-म्हशीच्या यकृतात बी१ चे एम१ होते आणि ते दुधात उतरते. खाल्लेल्या विषापैकी साधारण एक ते सहा टक्के भाग असा बाहेर पडतो. पाश्चरायझेशनने किंवा उकळल्याने तो नष्ट होत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यातील ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के दुधात, एम१ मर्यादेपेक्षा जास्त होते. यात दिलासा एवढाच, की दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते.

मर्यादा किती आहे?

भारतात तृणधान्ये आणि डाळींसाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी १० मायक्रोग्रॅम आणि दुधातील एम१ साठी ०.५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी ती ४, तर दुधासाठी ०.०५ मायक्रोग्रॅम आहे. साहजिकच निर्यातीचा माल काटेकोरपणे तपासला जातो. घरच्या कणगीतला मका किंवा आठवडी बाजारातले सुटे दाणे मात्र सहसा कोणी तपासत नाही.

माणसाला थेट संसर्ग होतो का?

होतो. मळणी किंवा कापणी करताना पात्याचा, कुसळाचा ओरखडा बुबुळाला बसला, की ही बुरशी डोळ्यात शिरून जखम करू शकते. प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांत ती सायनस आणि फुप्फुसातही वाढते. मात्र या संसर्गाला अफ्लाटॉक्सिनची गरज नसते. ते साधारण २८ ते ३० अंश सेल्सियसला सर्वाधिक तयार होते आणि शरीराच्या ३७ अंशांच्या आसपास जवळपास थांबते. शरीरात बुरशी मुख्यतः ऊती विरघळवणारी विकरे वापरते. डोळ्याला अशी इजा झाल्यास स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत, त्याने बुरशी आणखी फोफावते.

काय करता येईल?

अफ्लाटॉक्सिनचे विघटन व्हायला साधारण २५० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे भाकरी, उसळ किंवा चटणी केल्याने ते संपत नाही. भाजल्याने काहीसे घटते, इतकेच. खरा उपाय त्याआधीचा आहे. शेंगा आणि कणसे मातीवर न पसरता ताडपत्रीवर वाळवावीत. साठवताना शेंगांतील ओलावा ८ टक्क्यांच्या, तर मक्यातील १३ टक्क्यांच्या आत असावा. विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते, बहुतेक वेळा ते थोड्याच सुरकुतलेल्या, काळपट, किडक्या दाण्यांत एकवटलेले असते. म्हणून सालपट काढून दाणे निवडले तरी मोठा फरक पडतो. तेल गाळताना बहुतांश विष पेंडीत जाते, म्हणून पेंडीची तपासणी जास्त महत्त्वाची.

अमेरिका आणि आफ्रिकेतील काही देशांत विष न बनवणाऱ्या याच बुरशीचे वाण शेतात सोडले जातात. ते विषारी बुरशीची जागा बळकावतात. मात्र शेतकऱ्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय वाळवणे आणि निवडणे हाच आहे. निवडून काढलेला खराब माल गुरांच्या खाद्यात मिसळला, तर तेच विष दुधावाटे पुन्हा घरात येते. तो खाद्यातून कायमचा बाजूला काढायला हवा.